अण्णांच्या कॅमेऱ्यात उरलेले अठरा

अण्णांच्या कॅमेऱ्यात अठरा फोटो उरले होते. हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगितलं त्यानं मला नवीन कार्ड घ्यायचा सल्ला दिला. कार्डात जागा भरपूर होती. उरले होते ते आकडे. हा कॅमेरा प्रत्येक फोटोला चार आकडी क्रमांक देतो आणि नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की मागचं सगळं विसरून पुन्हा एकपासून मोजायला लागतो. अण्णांनी काढलेला शेवटचा फोटो होता ९९८१. ऑगस्टात अण्णा गेले. कॅमेरा टेबलावर राहिला आणि आकडा तिथंच थांबला.

अण्णा, म्हणजे माझे वडील प्रेमानंद बनसोडे, भूकरमापक होते. आधी बेंबळीकडं आणि शेवटची अकरा वर्षं लोहाऱ्यात त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर एका परिचिताकडून हा जुना मिररलेस कॅमेरा घेतला आणि पक्षी मोजायला लागले. माणूस खात्यातून निवृत्त होतो. खातं माणसातून होत नाही. अण्णांनी फोटोंची नोंदवही घातली. कापडी पाठीची, लांबट, पाच रकान्यांची: अनुक्रमांक, दिनांक, ठिकाण, तपशील (फोटोत कोण किंवा काय), शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद, कारण अण्णांना जे काही म्हणायचं असे ते ते तिथंच म्हणत. ‘बगळा. सहकार्य केले.’ ‘सूर्य विरुद्ध बाजूस. पुन्हा यावे.’ ‘मथुरा घाईत. अस्पष्ट.’ मथुरा म्हणजे माझी आई. शेवटची नोंद, ९९८१, अंगणातल्या पेरूवरच्या पोपटाची. शेरा: ‘पोपट नसून पान. खात्री केली.’

चार वह्या, नऊ हजार नऊशे एक्क्याऐंशी नोंदी. कुठं खाडाखोड नाही, कुठं रकाना चुकलेला नाही. चौथ्या वहीचं शेवटचं पान त्यांनी ९९९९पर्यंत आखून ठेवलं होतं. मधल्या ओळी कोऱ्या आणि ९९९९च्या समोर पेन्सिलनं एकच शब्द: श्रावस्ती.

श्रावस्ती हे उत्तर प्रदेशातलं गाव. तथागतांनी सर्वांत जास्त वर्षावास तिथं केले. माझं नावही श्रावस्तीच. अण्णांनी ते गाव न पाहताच मला त्याचं नाव दिलं, आणि जानेवारीतल्या धम्मसहलीत अखेर ते पाहायला जाणार होते. बसमध्ये दोन जागा ठेवलेल्या होत्या, त्यांची आणि आईची. आता त्यांच्या जागेवर मी जाणार होते. ९९९९ क्रमांकाचा फोटो कुठं काढायचा हे त्यामुळं ठरलेलंच होतं. फक्त एक गोष्ट मला खटकली. तो शब्द ‘ठिकाण’ या रकान्यात हवा होता. अण्णांनी तो ‘तपशील’मध्ये लिहिला होता. जुलैत त्यांचा हात थरथरायला लागला होता, हे मला आठवलं आणि मी वही मिटली.

तर माझ्यासमोरचं काम असं होतं: दहा वर्षांचा जुना कॅमेरा प्रवासाला, उन्हावाऱ्यात, धुळीधुक्यात चालेल की नाही हे तपासायचं, आणि तपासताना आकडे खर्चायचे नाहीत. सरकारी भाषेत याला ‘जागेवर न जाता स्थळपाहणी’ म्हणतात आणि ती करता येते. कॅमेऱ्याची येत नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कुठलाही प्रश्न आला की आधी त्यावर वाचायचं, वाचून झालं की आणखी वाचायचं आणि शेवटी काहीच करायचं नाही, अशी आम्हा लोकांची पद्धत असते. मी माहितीपुस्तिका दोनदा वाचली. इंटरनेटवरचे परीक्षक वाचले. एकाच्या मते हा कॅमेरा आजही दऱ्याखोऱ्यांत न्यावा असा होता. दुसऱ्याच्या मते तो संग्रहालयात द्यावा असा. दोघांनीही सोबत एकाच डोंगराचा फोटो दिला होता. मला दोघांचंही पटलं आणि आठवडाभर झोप नीट लागली नाही.

पहिले दोन आकडे शेजारच्या नारायणरावांनी नेले. नारायणराव मूळचे तुळजापूरचे, मुख्य लिपिक म्हणून निवृत्त. अण्णांचे रोजचे चहाचे सोबती. त्या दिवशी आईला भेटायला आले, टेबलावरचा कॅमेरा उचलला, आणि मी स्वयंपाकघरातून ‘काका, नको’ म्हणेपर्यंत खट् असा आवाज झाला. पाठोपाठ, पहिला नीट आला का हे बघण्यासाठी, दुसरा. ९९८२ आणि ९९८३. दोन्ही त्यांच्या अंगठ्याचे. दुसरा जास्त स्पष्ट होता.

मी कॅमेरा हातातून घ्यायला गेले, त्यांनी तो सांभाळून द्यायचा प्रयत्न केला, आणि या सभ्यतेच्या झटापटीत कुठली तरी कळ दाबली जाऊन लेन्स त्यांच्या हातात आली. नारायणरावांनी आत डोकावून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

“यातला आरसा कुठंय? आमच्या साहेबांच्या कॅमेऱ्यात आत आरसा असायचा, मी बघितलाय.”

“काका, हा मिररलेस आहे.”

“तेच म्हणतोय मी.”

मी त्यांना समजावलं. या जातीच्या कॅमेऱ्यात आरसा मुळातच नसतो, म्हणून तर तो हलका असतो, हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. माणूस दुःखात असताना त्याच्याशी वाद घालू नये, अशी ती मान होती. संध्याकाळपर्यंत कॉलनीत झालं की बनसोडे साहेबांना कुणीतरी आरसा काढून घेतलेला कॅमेरा विकला, बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. चारुशीलाकाकू आल्या आणि आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या की वस्तूचं काय एवढं, माणूसच राहिलं नाही. त्यांच्या मागं आणखी दोघी आल्या. अण्णांच्या वेळी ज्यांना यायला जमलं नव्हतं ते आरशासाठी आले. आईनं सगळ्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर मला हळूच विचारलं, “खरंच नसतोय का गं आरसा?”

राहिले सोळा.

जाणत्याला दाखवलेलं बरं म्हणून मी शिवलिंगप्पांच्या स्टुडिओत गेले. शिवलिंगप्पा चाळीस वर्षं लग्नं आणि पासपोर्ट काढतायत. लोकांना ‘हनुवटी खाली’ म्हणून म्हणून त्यांचा आवाज कायमचा मऊ झालाय. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, कानाशी नेला. वैद्य नाडी बघतो तसं बटण अर्धं दाबून ते डोळे मिटून बसले. मग निदान सांगितलं. फोकस म्हाताऱ्यासारखा आहे, दिसतं सगळं पण जरा उशिरा. बॅटरी अर्धी दाखवते आणि एकदम मान टाकते. थंडीत लवकर टाकेल, तेव्हा दोन जास्तीच्या घ्या आणि अंगावरच्या कपड्यात उबेला ठेवा. पाऊस लागू देऊ नका. बाकी मशीन अजून जवान आहे, आकडे तर एकदा पण फिरले नाहीत.

“फिरायला नकोच आहेत,” मी म्हणाले.

त्यांना तपासणीसाठी फोटो काढणं भाग होतं. मी एकाची परवानगी दिली, त्यांनी तीन काढले. दोन पांढऱ्या भिंतीचे, एक कोपऱ्यातल्या अंधारातल्या कॅलेंडरचा. कॅलेंडर उत्तम आलं. भिंतीचा फोटो त्यांनी संगणकावर मोठा केला आणि वरच्या उजव्या कोपऱ्यावर पेन टेकवलं. तिथं एक बारीक करडा ठिपका होता, दोन्ही बाजूंना किंचित पसरलेला.

“ही धूळ, ताई. सेन्सरवर बसलीय. आरसा नसतोय ना, लेन्स काढली की वारं डायरेक्ट आत. आता ही प्रत्येक फोटोत इथंच येणार. आभाळ आलं की हमखास दिसणार.”

मी त्या ठिपक्याला ओळखत होते. साधारण सात हजार दोनशेपासून पुढं अण्णांच्या शेऱ्यात तो सारखा येतो. ‘वर उजवीकडे घार (दूर).’ तलाव असो, तुरीचं रान असो, घार आहेच. एके ठिकाणी लिहिलंय, ‘घार आजही. बहुधा तीच.’ कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर, जाड भिंगाच्या चष्म्यातून, माझे वडील तीन वर्षं एका धुळीच्या कणावर लक्ष ठेवून होते, आणि त्याच्या इमानाचं त्यांना कौतुक होतं.

शिवलिंगप्पांनी रबरी फुंकणी काढली. दोन मिनिटांत साफ होतं, म्हणाले. मी कॅमेरा त्यांच्यापुढून ओढून घेतला, तो जरा जास्तच जोरात.

“राहू द्या.”

“अहो ताई, एवढ्या लांब चालला. प्रत्येक फोटोत येणार.”

“येऊ द्या.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि फुंकणी ठेवून दिली. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचणं हा त्यांचा धंदाच. फक्त जाताना त्यांनी सांगितलं की स्टुडिओत कॅमेऱ्याची परीक्षा होत नसते; एकदा रानात न्या, उन्हात, वाऱ्यात, तिपाईवर लावा. आणि पक्षी काढायचे तर हे असू द्या, म्हणून त्यांनी बाजूचं एक बटण दोनदा दाबलं. काय दाबलं ते मी विचारलं नाही. माणूस एवढा मऊ बोलत असला की आपण विचारत नाही.

राहिले तेरा.

याच सुमारास राजपालकाकांचा फोन आला. सहल तेच नेतात. बस लुंबिनीला जाणार, म्हणजे नेपाळची सीमा लागणार, आणि तिथं कॅमेरा कुणाचा असं विचारलं तर काय सांगणार, हा त्यांचा प्रश्न. पावती अण्णांच्या नावाची. अण्णा तर नाहीत. तेव्हा आपलं एक प्रतिज्ञापत्र असलेलं बरं. असं कुणी विचारतं का, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण ते तहसीलीत काम केलेले. विचारणारा नसला तरी कागद असावा, यावर त्यांचा विश्वास आहे आणि माझ्या घरात तो वंशपरंपरेनं आलेला.

कचेरीबाहेर टंकलेखकापुढं मी अर्धा दिवस बसले. त्यानं मयताचं नाव, वारसाचं नाव, जंगम मालमत्तेचं वर्णन भराभर विचारलं. वर्णनात मी मिररलेस म्हणाले. तो म्हणाला, मराठीत सांगा. मग ‘आरसा नसलेला जुना कॅमेरा, नग एक’ असं झालं. मालमत्तेचा फोटो जोडा, म्हणाला. कॅमेऱ्याला स्वतःचा फोटो काढता येत नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदाच नीट जाणवलं, मोबाइलवर काढला. सहीशिक्का होऊन कागद हातात आला तेव्हा मी तो वाचला. ‘सदर कॅमेरा मला माझ्या मयत वडिलांकडून आरसाहक्काने प्राप्त झाला आहे.’

मी त्याला चूक दाखवली. त्यानं कागद दूर धरून वाचला आणि म्हणाला, “बरोबरच हाय की मॅडम. आरशाचाच विषय हाय ना?” शिक्का पडलेला कागद बदलायचा म्हणजे पुन्हा रांग. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. नंतर रिकाम्या वेळी तो काढून वाचायची मला सवय लागली.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही बेंबळीच्या पुढच्या तलावाकडं निघालो. गाडी नारायणरावांची. आरसा नसल्याची बातमी आपल्यामुळं पसरली याची त्यांना आता बोच होती, म्हणून सोबत यायचा त्यांचा हट्ट. आई डबा घेऊन मागं बसली. तिच्या शेजारी अण्णांची तिपाई, तिच्याएवढीच उंच. ही तिपाई साधी नव्हे. मोजणीच्या फळ्याखाली लावतात ती सागवानी, पितळी टोकांची. खात्यानं निकालात काढली तेव्हा अण्णांनी ती लिलावात घेतली आणि लोहाऱ्याच्या सुताराकडून वर कॅमेऱ्यापुरता स्क्रू बसवून घेतला. तिच्या एका पायावर तांबड्या रंगात ‘प्रे. बा. बनसोडे’ असं आहे.

तलावाच्या आधी, रस्त्याकडेच्या बांधावर मी ती रोवली. एकच फोटो, असं ठरवलं होतं. बाभळीवर खंड्या बसला होता. वाऱ्यानं फांदी हलत होती. म्हातारा फोकस सावकाश आला. मी श्वास धरला आणि बटण एकदा दाबलं. एकदाच दाबलं, हे मी शपथेवर सांगते. प्रतिज्ञापत्राचा मला सराव झालेला आहे.

खट्-खट्-खट्-खट्-खट्-खट्-खट्-खट्.

खंड्या केव्हाच उडाला होता. ९९८७पासून ९९९४पर्यंत बाभळीची फांदी, वेगवेगळ्या आठ मनःस्थितींत. शिवलिंगप्पांनी पक्ष्यांसाठी काय करून ठेवलं होतं ते मला आता कळलं. पाच राहिले होते. मोबाइलला तिथं रेंज नव्हती आणि दोनदा वाचलेल्या माहितीपुस्तिकेतलं एक अक्षर आठवेना. मी बाजूचं तेच बटण दाबलं. पडद्यावर एकावर एक ठेवलेल्या पाट्यांचं चिन्ह होतं, ते जाऊन घड्याळासारखं काहीतरी आलं. घड्याळ म्हणजे वेळ. एका वेळी एक, असा अर्थ मी लावला. मला तो फार सयुक्तिक वाटला.

दरम्यान नारायणरावांनी खिशातून एक गोल दाढीचा आरसा काढला होता. लागला तर असावा म्हणून त्यांनी तो घरून आणला होता. लागत नाही म्हटल्यावर ते उन्हात उभं राहून त्यात वाऱ्यानं उडालेले केस बसवत होते. त्याची तिरीप पार पलीकडच्या शिवारापर्यंत लखलखत गेली असणार. कारण पाचच मिनिटांत हरभऱ्यातून एक म्हातारा आणि तुरीतून एक म्हातारी, दोघंही एकमेकांच्या आधी पोचायच्या बेतानं, आमच्याकडं यायला लागली.

“मोजणी हाय व्हय?” म्हाताऱ्यानं लांबूनच विचारलं. “नोटीस न्हाय, काय न्हाय. खुणा कुठं रोवनार?”

रानात कुणी तीन पायांचं काही उभं केलं की ती मोजणी, यात त्यांचं काही चुकलं नाही. मी कॅमेरा दाखवला. पण म्हातारी कॅमेऱ्याकडं बघतच नव्हती. तिनं वाकून तिपाईच्या पायावरून हात फिरवला. तिला वाचता येत होतं की नव्हतं कोण जाणे. तिनं रंग ओळखला.

“ही बनसोडे सायबाची,” ती म्हणाली. “सायब न्हाई आले?”

मी सांगितलं. ऑगस्टात, म्हणाले. नेहमीच्या आवाजात सांगितलं. एव्हाना मला ते जमायला लागलं होतं. म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. म्हातारीनं आईकडं पाहिलं, आईनं तिच्याकडं. नारायणरावांनी आरसा खिशात टाकला.

म्हातारा लिंबाजी, म्हातारी सत्यभामा. दीर-भावजय. मधल्या बांधावर अण्णांनी बावीस वर्षांपूर्वी खुणेचा दगड बसवला होता, आणि सत्यभामाबाईंचं म्हणणं असं की तो चालतो. दर पावसाळ्यात बोटभर त्यांच्या रानात येतो. लिंबाजीचं म्हणणं, दगडाला पाय असते तर तो वहिनींच्या बोलण्याला कंटाळून कवाच कर्नाटकात गेला असता. आता सायबाची लेक तिपाई घेऊन आलीच आहे तर दगडाचा फोटो निघालाच पाहिजे, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. बावीस वर्षांतलं पहिलं असावं.

मी सांगितलं की फोटोला कायद्यात काही अर्थ नाही. मोबाइलवर काढते, म्हणाले. सत्यभामाबाईंनी हात झटकला. “मोबाइलचा नको. त्यात लोक काय बी करत्यात. तिपाईवरचा काढा.”

माझ्याकडं पाच आकडे होते आणि एक लागणार होता श्रावस्तीला. हे त्यांना कसं सांगावं कळेना. मी आईकडं पाहिलं.

“काढ,” आई म्हणाली. “या बांधापायी तुझे अण्णा चार खेपा आले होते. उन्हाचे.”

तिपाई दगडापाशी नेली. बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुढचा एक तांबडा दिवा लुकलुकायला लागला. बिघडला, माझ्या मनात आलं, अण्णांचा कॅमेरा मी बिघडवला. काय झालं ते बघायला नारायणराव लेन्समध्ये वाकले, आणि दहाव्या सेकंदाला खट् झालं. ९९९५: नारायणरावांचं नाक. घड्याळाचा अर्थ तेव्हा लागला. पण बदलायला पुन्हा ते बटण दाबायचं माझं धाडस नव्हतं. न जाणो, पुन्हा आठ निघतील. त्यापेक्षा दहा सेकंद परवडले.

९९९६ लिंबाजीच्या बाजूनं. ९९९७ सत्यभामाबाईंच्या बाजूनं. मग दोघांना दगडासकट एकत्र घ्यायचं ठरलं, तर कुणीच दुसऱ्याच्या रानात पाय ठेवेना. शेवटी बांधाच्या दोन्ही बाजूंना, पोलिसांनी पकडून उभं केल्यासारखे, ९९९८. आता एक. मी दोन्ही हातांनी कॅमेरा झाकून धरला आणि संपलं म्हणून जाहीर केलं.

पण दोघांचं संपलं नव्हतं. फोटोत दगड आहे तिथंच दिसणार. आधी कुठं होता ते कसं दिसणार, हा मुद्दा नारायणरावांनी काढला. निवृत्त लिपिकाला मुद्दा काढल्याशिवाय राहवत नाही. आवाज चढायला लागले. आणि मला एकदम आठवलं. अण्णा खुणेखाली कोळसा पुरत. दगड हलतो, लाकूड कुजतं, माणसं शपथा घेतात. कोळसा आहे तिथंच राहतो, असं ते सांगायचे. मी ते बोलून गेले.

लिंबाजीनं कुदळ आणली. वारा वाढला होता, तिपाई डुलत होती. मी आईला कॅमेरा घट्ट धरून उभं राहायला सांगितलं, कशालाही हात लावू नको म्हणून बजावलं, आणि खड्ड्यापाशी बसले. दगडाखाली नुसती काळी माती. सत्यभामाबाई विजयानं पदर खोचत होत्या. मग लिंबाजीनं वीतभर पलीकडं, सत्यभामाबाईंच्या बाजूला, कुदळ टाकली आणि मातीत काहीतरी कचकचलं. मी हातानं उकरलं. मूठभर कोळसा निघाला, अजून काळाभोर, कोपरे धारदार. बावीस वर्षांपूर्वी ज्या हातानं ठेवला असेल तसाच.

“आई,” मी वळून ओरडले, “कोळसा!”

खट्.

आई कॅमेऱ्याला जिथं धरायला सगळ्यात सोपं तिथं धरून उभी होती.

“मी काय केलं न्हाय गं,” ती म्हणाली. “ते आपलं आपण लुकलुकत होतं.”

पुढचं मला नीट आठवत नाही. कोळशाप्रमाणं दगड वीतभर लिंबाजीच्या रानात सरकलेला होता, म्हणजे बावीस वर्षं तक्रार करणाऱ्या सत्यभामाबाईच वीतभर जास्त पेरत होत्या. हे कळताच त्या म्हणाल्या की असल्या कोळशाला काय अर्थ, सरकारी मोजणी आणा. लिंबाजी म्हणाला, राहू द्या दगड हाय तिथं, वीतभर रानात काय वाडा बांधायचाय. मग दोघांनी आईच्या पदरात हरभऱ्याचे ढाळे आणि तुरीच्या शेंगा घातल्या, एकानं घातलं की दुसऱ्यानं त्याच्याहून जास्त. मी गाडीत जाऊन बसले होते. नारायणराव तिपाईवरून कॅमेरा सोडवत होते आणि तिथून खट् असा आवाज आला. आकडे फिरले होते. ०००१: नारायणरावांचा अंगठा.

परतीच्या वाटेवर मी कुणाशी बोलले नाही. आईशी बोलले नाही, हे जास्त लागणारं होतं, आणि तिनंही शेंगा सोलत ते सहन केलं. धाराशिव आलं तेव्हा तिनं मागून सोललेले दाणे पुढं केले. मी घेतले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौथी वही उघडली आणि नोंदी पूर्ण करायला बसले. ९९८२, अंगठा. ९९८३, अंगठा (जास्त स्पष्ट). ९९८४ आणि ९९८५, भिंत. बाभूळ आठ वेळा. नाक. दगड. कॅमेऱ्याबद्दल माझं मत तयार झालं होतं आणि ते मी राजपालकाकांना कळवलंही: बॅटरी कमकुवत, फोकस सावकाश, वाऱ्याधुळीत टिकतो, प्रवासास योग्य. सोबत येईल. कागद तयार आहे.

मग ९९९९. मी फोटो संगणकावर उघडला. आई पाठीमागं येऊन उभी राहिली. फोटोत मी खड्ड्यापाशी उकिडवी, केस चेहऱ्यावर, ओंजळीत कोळसा, तोंड उघडं. मागं तुरीचं रान, सत्यभामाबाईंच्या लुगड्याचा काठ, वर मोकळं आभाळ.

“बरा आलाय,” आई म्हणाली. “तोंड मिटायला पाहिजे होतं.”

मी खोडरबर घेतलं. तिथं पेन्सिलनं लिहिलेलं गाव आता चुकीचं होतं. ते पुसून खरं ठिकाण लिहायला हवं होतं. रबर कागदाला टेकवलं आणि थांबले. ठिकाणाचा रकाना कोराच होता. शब्द तपशिलात होता. वरपासून खालपर्यंत मी पान पाहिलं, मग मागचं पान, त्याच्या मागचं. नऊ हजार नऊशे एक्क्याऐंशी नोंदी, एकही रकाना चुकलेला नाही.

मी रबर ठेवलं आणि पेन घेतलं. ‘ठिकाण’मध्ये लिहिलं, बेंबळी शिवार. ‘तपशील’मधल्या पेन्सिलच्या अक्षरांवरून, त्यांच्या वळणानं, शाई फिरवली. मग फोटो पुन्हा एकदा नीट पाहिला, कारण शेरा खात्री केल्याशिवाय लिहायचा नसतो, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं:

वर उजवीकडे घार (दूर). तीच.